एकशे नव्याण्णव रुपयांची पिग्मी

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या कॉम्प्युटरांचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. एका सकाळी मॅनेजर साहेबांचा फोन आला. पिग्मीची, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीची, टोटल कॅशशी लागत नव्हती आणि सॉफ्टवेअरवाले हात वर करून बसले होते. हिशेब जुळवणं हे काही माझं काम नव्हे, तसं सांगून मोकळा होणार होतो. पण साहेबांनी नोंदी वाचून दाखवल्या. एजंटच्या यादीत २८०, कॉम्प्युटरमध्ये २००. दुसऱ्या खात्यावर यादीत १२०, नोंद १९९ ची. पिग्मीत १९९ कोण भरतं? गाडी काढली.

या संस्थेत एजंट अजून कागदावरच यादी आणतात आणि काउंटरच्या ताई ती ब्राउझरमध्ये भरतात. ताईंचा वेग बघण्यासारखा. डोळे कागदावर, डावं बोट ओळीवर, उजवा हात नंबर पॅडवर. स्क्रीनकडे बघायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, "ताई, सकाळी भरलंत तसंच एक खातं भरून दाखवा, फक्त हळू." रकमेच्या चौकटीत कालचे २०० आधीच येऊन बसलेले होते. ताईंनी १२० दाबलं. १ ला काहीच झालं नाही, २ ला दोनशेचे १९९ झाले, शून्याला पुन्हा काही नाही. मग एंटर, आणि नोंद जमा.

नम लॉक, म्हणजे पॅडवरून आकडे उमटवणारं, चालू असलं की कीबोर्डवर दिवा लागणारं बटण, बंद होतं. ते बंद असलं की पॅडवरचा २ हा खालचा बाण होतो, ८ वरचा, १ म्हणजे एंड, ० म्हणजे इन्सर्ट, आणि ५ तर बहुतेक ठिकाणी गिळलाच जातो. ब्राउझरच्या आकड्यांच्या चौकटीत वरचा बाण दाबला की रक्कम एकाने वाढते, खालच्या बाणाने एकाने कमी होते. म्हणून २८० चे झाले एक उणे, एक अधिक, पुन्हा दोनशे. पॅडवरचं एंटर मात्र दिवा असो-नसो, इमानेइतबारे चालतं. तेच नसतं चाललं तर ताईंना पहिल्याच खात्याला कळलं असतं.

ताई म्हणाल्या, "पण दादा, सकाळी पासवर्ड टाकताना दिवा होता. माझा पासवर्ड पॅडवरचाच आहे, नाहीतर आत आलेच नसते." हे खरं निघालं. मी लॉगआउट करून कीबोर्डच्या कोपऱ्यावर नजर ठेवून बसलो. लॉगिनच्या पडद्यावर दिवा चालू. पासवर्ड टाकला, वॉलपेपर आलं, पॅनल उमटलं आणि त्याच क्षणी दिवा विझला. म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या बायॉसला दोष देण्यात अर्थ नव्हता. दिवा कोणीतरी डेस्कटॉप उघडताना मालवत होतं.

विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपल्यावर इथली जुनी मशिनं डेबियन लिनक्स आणि त्यावरच्या एक्सएफसीई या डेस्कटॉपवर गेली. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये नम लॉकची जुनी स्थिती लॉगिनला परत आणायची एक टिकखूण असते. आदल्या सत्रात दिवा बंद ठेवून गेलात, तर आज बंदच मिळतो. माझ्या आधीच्या माणसाने ऑटोस्टार्टमध्ये नमलॉकएक्स हा छोटा प्रोग्रॅम टाकलेला होता, म्हणजे लॉगिन झालं की दिवा लावायचा. एक दिवा लावतो, दुसरा कालची आठवण काढून मालवतो. दोघांत आधी कोण पळेल याचा भरवसा नाही. शेजारच्या मशिनवर हेच सगळं असून दिवा टिकत होता.

आता आदल्या संध्याकाळी दिवा बंद कोण करतं, हा प्रश्न राहिला. ताईंनी न बोलता वसुलीच्या काकांकडे पाहिलं.

काका संध्याकाळी याच मशिनवर, याच लॉगिनने थकबाकीच्या नोटिसा काढतात. ते हसले. "अहो, आम्ही शिकलो तेव्हा बाण वेगळे नव्हतेच की. नम लॉक बंद करायचं आणि पॅडवरूनच फिरायचं." खोटं नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या ८३ बटणांच्या कीबोर्डवर बाण आणि आकडे एकाच पॅडवर होते, नम लॉकची खरी गरज तिथलीच. काकांचा हात तेव्हाच बसला. या वयात त्यांना सवय बदला म्हणणं मला पटलं नाही.

काकांना वेगळं लॉगिन करून दिलं आणि तिथे ती टिकखूण मुद्दाम ठेवली, त्यांना बंदच हवंय. ताईंच्या लॉगिनमधली टिकखूण काढली, ऑटोस्टार्टमधलं नमलॉकएक्स राहू दिलं. लॉगिनच्या पडद्यावर दिवा लावायची सोय लाइटडीएमच्या, म्हणजे तो पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये आधीपासून होती, तिला हात लावला नाही. (विंडोजवर हेच काम रजिस्ट्रीत 'इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स'मध्ये २ घालून होतं.) दोघांकडून आलटून-पालटून लॉगिन करवून पाहिलं, मशीन पूर्ण बंद करूनही पाहिलं. ताईंचा दिवा टिकला, काकांचा विझला.

सकाळच्या नोंदी ताईंनी यादी समोर ठेवून दुरुस्त केल्या. साहेबांना म्हटलं, रकमेच्या चौकटीत कालचा आकडा कशाला हवा? ती रिकामी असती तर असली रक्कम जमाच झाली नसती. त्यांनी माझ्यासमोरच सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, करून देऊ, पण त्याचे वेगळे पैसे पडतील.