तिच्या मापाचं नसलेलं यंत्र

रविवार, रात्र. पाऊस सुरूच.

दुपारी जेवून 'वॉर इन द पॉकेट' लावली ती संपवूनच उठलो. १९८९ची, सहाच भागांची गंडम मालिका. गंडम म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमधला, माणूस आत बसून चालवतो तो भलाथोरला लढाऊ रोबो. (ऑफिसातला मित्र अजून 'तुझा तो गंडलेला रोबो' म्हणतो. म्हणो बापडा.) कॉलेजात पाहिली तेव्हा शाळकरी आल्फ्रेडसाठी आणि त्याचा दोस्त झालेल्या शत्रुपक्षाच्या सैनिकासाठी, बर्नीसाठी, रडलो होतो. आज मात्र नजर सारखी क्रिस्टिनाकडे जात होती. ती टेस्ट पायलट, आणि मी आता तीन वर्षं गाड्यांच्या टेस्टिंगला.

अ‍ॅलेक्स हा तिने तपासायचा रोबो बनवला तो अमुरो रेसाठी. १९७९च्या मूळ मालिकेतला पंधरा वर्षांचा पोरगा. पहिल्याच भागात मॅन्युअल हातात घेऊन वडिलांनी घडवलेल्या गंडममध्ये शिरतो, आणि पुढे इतका तयार होतो की यंत्रच मागे पडायला लागतं. हात हलायच्या आत याचा विचार पुढे गेलेला. मग मॉस्क हान नावाचा शास्त्रज्ञ येऊन सांध्यांना चुंबकीय लेप देतो. आपल्या भाषेत तेलपाणीच. तो अमुरोला जिवंत परत ये म्हणतो, पण ते त्याला आकडे हवेत म्हणून. हे वाक्य ऐकून आमचे एक साहेब आठवले.

अ‍ॅलेक्स म्हणजे डागडुजी न करता मुळातच त्या पोराच्या चपळाईला पुरेल असं यंत्र. चहूबाजूंचं दिसणारी कॉकपिट, मनगटापाशी लपवलेल्या गॅटलिंग बंदुका, वरून चिलखताचा जादा थर. उत्तर ध्रुवाकडच्या तळावरून ते अवकाशात, साइड ६ या तटस्थ वसाहतीत हलवलं जातं, आणि तिथे त्यात बसते क्रिस्टिना. यंत्र तिला जड जातं. ती कच्ची नाही, पण त्याचा प्रतिसाद दुसऱ्याच कुणाच्या मापाने बेतलेला आहे. दुसऱ्यासाठी शिवलेला कोट घालून आरशासमोर उभं राहायचं आणि शिंप्याला सांगायचं, बाही कुठे काचतेय ते.

हे मला फार नीट कळतं. मागे एकदा रेसिंगवाल्यासाठी बेतलेलं थ्रॉटल तपासायला दिलं होतं. मनगट नुसतं हललं तरी गाडी उसळायची. दोन दिवस मला वाटत होतं, आपलाच हात वाईट. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की गाडी माझ्याशी बोलतच नाहीये. तो गडी एकदाच आला, एक फेरी मारली, 'मस्त' म्हणाला नि गेला.

अमुरो तर तेवढाही येत नाही. हे मला आज नव्याने खुपलं. ज्याच्यासाठी एवढा घाट, एवढी माणसं मेली, तो त्या यंत्रात एकदाही बसत नाही. नाताळच्या दिवशी बर्नी झाकू या आपल्या पक्षाच्या, डागडुजी केलेल्या रोबोतून अ‍ॅलेक्सवर चालून येतो, आणि आत असते क्रिस्टिना. झाकूची कुऱ्हाड अ‍ॅलेक्सचं डोकं उडवते, अ‍ॅलेक्सची तलवार झाकूच्या आरपार. बर्नी संपतो. जो अणुहल्ला टाळायला तो लढला, तो आधीच टळलेला असतो. शेवटी हात गळ्यात बांधलेली क्रिस्टिना आल्फ्रेडला सांगते, माझी पृथ्वीवर बदली झालीय, बर्नीला माझा निरोप सांग. पोरगा खरं काय ते सांगत नाही. आपण कुणाला मारलं हे तिला कळतच नाही. चाचणीच्या कुठल्या कागदावर हे मावणार?

मालिकेने अमुरोला पडद्याबाहेर ठेवलं हे उत्तमच केलं. तो आला असता तर ही त्याचीच गोष्ट झाली असती.

साडेअकरा झाले. उद्या सकाळची पाळी. परवाच्या रिपोर्टात शेऱ्याच्या रकान्यात 'प्रतिसाद किंचित तीव्र' एवढंच लिहून मोकळा झालो होतो. ते 'किंचित' उद्या खोडायचंय.