आमची वाटचाल : मंडळीचा पैसा, मंडळीसमोर

नगरमध्ये आमच्या फर्मची सुरुवात किराणा, हार्डवेअर आणि मेडिकलवाल्यांच्या जीएसटी रिटर्नपासून झाली. मंडळीचं, म्हणजे चर्चच्या हिशेबाचं, काम आलं ते एका खजिनदार काकांमुळे. निवृत्त शिक्षक, अक्षर मोत्यासारखं, कॅशबुक रोजच्या रोज लिहिलेलं. पण सहीचे दोन विश्वस्त प्रभूघरी गेले होते आणि धर्मादाय कार्यालयात नोंद अजून त्यांचीच होती, त्यामुळे बँक नवीन सह्या घेईना. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो कित्येक वर्षं कोणी दिलाच नव्हता. जुनी इतिवृत्तं काढून आम्ही एकेक बदल क्रमाने दाखल केला. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, त्यामुळे या भागातल्या मंडळ्या जुन्या आणि त्यांची दप्तरंही जुनी. एकीचं काम मार्गी लागलं की दुसरीचे पंच येत गेले.

कायदा शिकता येतो. खरी काळजी लागते ती रविवारी. उपासना संपली की अर्पणाच्या पिशव्या वेस्ट्रीत, म्हणजे चर्चलगतच्या खोलीत, येतात. एकाच घरातले नसलेले दोघे जण मोजायला बसतात. नोटा, नाणी आणि दशांशाची (कमाईच्या दहाव्या हिश्शाची) पाकिटं वेगवेगळी लावायची, तक्त्यावर दोघांनी सही करायची आणि सोमवारची बँकेची स्लिप त्याच्याशी पैशापर्यंत जुळवायची. हातातल्या रोकडीतून फुलांचे, झाडलोटीचे पैसे देऊन उरलेलं भरायची पद्धत अनेक ठिकाणी होती. ती मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

कापणीच्या सणाचा हिशेब मला मनापासून आवडतो. कोणी ज्वारीचं पोतं आणतं, कोणी गावरान कोंबडी, कोणी भोपळा. लिलावात भोपळा घेणारा तो पुन्हा अर्पण करतो आणि तोच परत बोलीला येतो. प्रत्येक बोलीची ओळ वेगळी, नाव वेगळं, कारण अर्ध्या बोली ‘पुढच्या रविवारी देतो’वर असतात.

बांधकाम निधी पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) पगाराला वापरू नये, मग महिना कितीही ओढाताणीचा असो, यावर आम्ही अडून बसतो. छपरासाठी दिलेला पैसा छपराचाच. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करण्याचा आयकराचा नियम आहे, म्हणून मोठ्या दुरुस्तीसाठी रक्कम साठवायची तर ठराव आणि फॉर्म वेळेत लागतो; ऐनवेळी धावपळ करून भागत नाही. निव्वळ धार्मिक कामाच्या देणगीवर आयकरात सूट मिळत नाही, हेही आम्ही देणाऱ्याला आधीच सांगतो. परदेशातल्या नातलगाने पैसे पाठवायचे म्हटले की पहिला प्रश्न पासपोर्टचा. भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल तर एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) परवानगीशिवाय ती रक्कम घेताच येत नाही.

ऑडिट ३१ मार्चपासून सहा महिन्यांत पूर्ण व्हावं लागतं. त्यानंतर वार्षिक सभेत आम्ही स्वतः जातो आणि जमाखर्च मराठीत वाचून दाखवतो. शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकल्या होत्या. आमच्याही मंडळ्यांत मजुरीतून दशांश काढणाऱ्या बाया आहेत. ‘बोअरवेलच्या निधीत किती उरले?’ असं त्यांच्यातल्या एकीने उठून विचारलं, तर खजिनदाराने पान उघडून तिथल्या तिथे आकडा सांगावा, इतकी तयारी आम्ही करून घेतो.