बर्मिंगहॅम, ५ जुलै : सॅबथचा शेवटचा प्रयोग बघून आलो (जाणाऱ्यांसाठी टिपा सकट)

मराठी नाटकाच्या जाहिरातीत 'शेवटचे ५ प्रयोग' असं छापून आलं की आपण गालातल्या गालात हसतो ना, कारण पुढच्या महिन्यात परत शेवटचे ५ असतातच, तसंच माझं रॉक बँडच्या फेअरवेल टूरबद्दल होतं. आणि ऑझी ऑस्बर्न, म्हणजे ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या हेवी मेटल बँडचा गायक, तर यातला महागुरू. १९९२ ला 'नो मोर टूर्स' नावाची टूर काढून हा माणूस रिटायर झाला, १९९५ ला 'रिटायरमेंट सक्स' नावाची टूर काढून परत आला, मग २०१८ ला 'नो मोर टूर्स टू'. ब्लॅक सॅबथचीही 'द एंड' नावाची टूर झाली, तिचा शेवटचा शो ४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅमलाच झाला. तेव्हा मी गेलो नाही. पैसे नव्हते हे एक, आणि दुसरं म्हणजे ड्रम्सवर बिल वॉर्ड नव्हता. कॉन्ट्रॅक्टवरून काहीतरी बिनसलं आणि तो आलाच नाही. मी आणि सम्या (आमची दोस्ती टीडीकेच्या कोऱ्या कॅसेटवर सॅबथ भरून घेण्यापासूनची) एकमेकांना सांगत बसलो की बिल नाही म्हणजे चौघे नाहीत, म्हणजे हा शेवट धरायचाच नाही. द्राक्षं आंबट म्हणा हवं तर.

मग ५ फेब्रुवारी २०२५ ला बातमी आली. 'बॅक टू द बिगिनिंग', ५ जुलै, बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क फुटबॉल स्टेडियम, एकच दिवस, एकच शो, आणि ऑझी, टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बेस) आणि बिल वॉर्ड, चौघेही. २००५ नंतर पहिल्यांदा. मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून सम्याला फोन केला, तो म्हणाला अरे हे लोक परत येतील रे, पुढच्या वेळी जाऊ. मी म्हटलं तू नाही आलास तरी मी चाललो.

तिकीट १४ फेब्रुवारीला, म्हणजे बरोब्बर व्हॅलेंटाइन डेला सुटलं. बायकोने लॅपटॉप उघडून दिला हे तिचं त्या वर्षीचं गिफ्ट. ऑनलाइन रांगेत माझ्यापुढे हजारो लोक, पान रिफ्रेश करायचं नाही, हात मांडीखाली दाबून बसायचं. वरच्या स्टँडमधली सीट मिळाली. किंमत इथे लिहीत नाही, घरात अजून कोणाला नीट माहीत नाहीये.

आता तिकडच्या कुठल्याही अशा शोला जायचं असेल तर पहिलं काम व्हिसा. यूकेचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या जास्तीत जास्त ३ महिने आधीच अप्लाय करता येतो, त्यामुळे फेब्रुवारीत तिकीट घेऊन एप्रिलपर्यंत नुसतं बसून राहावं लागलं आणि तो काळ फार वाईट जातो. सहा महिन्यांच्या व्हिसाची फी तेव्हा १२७ पौंड होती आणि बायोमेट्रिक दिल्यावर साधारण ३ आठवड्यांत निर्णय येतो. अर्जात मी स्वच्छ लिहिलं की कॉन्सर्टला जातोय, तिकिटाची प्रिंट जोडली, रजेचं पत्र जोडलं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडलं. 'नातेवाइकांना भेटायला' वगैरे गोष्टी रचत बसू नका, खरं कारण पुरतं. विमानाचं तिकीट मात्र व्हिसा हातात आल्यावरच काढा. मी घाई केली, सुदैवाने पचली.

हॉटेलचं पचलं नाही. बातमी आली त्या रात्रीच मी एक स्वस्तातलं हॉटेल बुक करून ठेवलेलं, स्वतःवर जाम खूश होतो, आणि जूनमध्ये त्यांचा मेल आला की 'तांत्रिक कारणामुळे' बुकिंग रद्द. तीच खोली दुसऱ्या दिवशी साइटवर चौपट भावात दिसत होती. भांडून काही झालं नाही. मग कॉव्हेंट्रीत खोली घेतली, बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवरून ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं, आणि खरं सांगतो हेच आधी करायला हवं होतं. मोठ्या शोच्या दिवशी शहरात राहायचा हट्ट धरू नका, ट्रेनच्या लाइनवरचं शेजारचं गाव बघा, फक्त रात्रीची शेवटची गाडी कितीची आहे ते आधी बघून ठेवा. लंडनहून येणाऱ्यांसाठी : यूस्टनवरून न्यू स्ट्रीटला दीड तासाच्या आत पोचता, मेरिलबोनवरून मूर स्ट्रीटला जाणाऱ्या गाड्या जरा सावकाश पण बऱ्याचदा स्वस्त पडतात.

मी दोन दिवस आधी पोचलो आणि हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. न्यू स्ट्रीट स्टेशनात उतरलं की समोर दहा मीटर उंच यांत्रिक बैल उभा, २०२२ च्या कॉमनवेल्थ गेम्ससाठी बनवलेला, आणि त्याचं नाव लोकांनी मतं देऊन ठेवलंय ऑझी. बैल मान हलवतो. मी येडा तिथे वीस मिनिटं थांबलो. स्टेशनजवळच नॅव्हिगेशन स्ट्रीटला चौघांचं मोठं म्युरल आहे. स्टेशन स्ट्रीटवरचा द क्राउन पब, जिथे हे लोक सुरुवातीला वाजवायचे, तो बंद पडलाय, बाहेरून फोटो काढायचा आणि पुढे जायचं. म्युझियम अँड आर्ट गॅलरीत ऑझीवरचं प्रदर्शन चालू होतं, फुकट होतं. आणि ब्रॉड स्ट्रीटला कालव्यावरच्या पुलाचं नावच ब्लॅक सॅबथ ब्रिज, त्यावर चौघांच्या चेहऱ्यांचा बाक. त्या बाकावर बसून मी सँडविच खाल्लं. शेजारी एक साठीपुढचे गृहस्थ, त्यांच्या अंगात २०१७ च्या टूरचा टीशर्ट. म्हटलं तुम्ही तर शेवट बघितलाय की. ते म्हणाले, तेव्हा तीन होते, परवा चार आहेत. मला एकदम बरं वाटलं, म्हणजे आमची द्राक्षं अगदीच आंबट नव्हती.

अ‍ॅस्टनला मात्र पायी फिरा. व्हिला पार्क ज्या वस्तीत आहे तिथेच ही पोरं वाढली. १४ लॉज रोड हे ऑझीचं लहानपणचं घर, लाल विटांचं, रांगेतलं, आपल्या चाळीतल्या दोन खोल्या एकावर एक ठेवाव्यात एवढंसं. तिथे लोक राहतात, त्यामुळे दार वाजवणं, खिडकीतून डोकावणं असले प्रकार नकोत. मॅचच्या दिवशी लोक गाड्या लावून व्हिला पार्कला जायचे आणि छोटा ऑझी पैसे घेऊन त्या गाड्या राखायचा. त्याच मैदानात हा माणूस आता शेवटचा शो करणार होता.

आणि आयोमीची गोष्ट त्या रस्त्यांवरून चालताना वेगळीच वाटते. १७ वर्षांचा होता, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. बँडबरोबर टूरला जायचं ठरलेलं म्हणून नोकरी सोडली, तो कामाचा शेवटचा दिवस, दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला आता परत जात नाही. आईने सांगितलं, काम पूर्ण करून ये. गेला, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात तोच. पठ्ठ्याने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, पातळ तारा बसवल्या, आणि पुढे दुखू नये म्हणून तारा सैल करून खालच्या सुरात लावायला लागला. तो जड, खाली बसणारा आवाज, ज्यावर अख्खं हेवी मेटल उभं आहे, त्यात या सैल तारांचा वाटा मोठा. आपण कॉलेजात असताना हे गिटार एवढं अंगावर का येतं म्हणून चर्चा करायचो.

आता शो. दुपारी एकच्या सुमाराला मॅस्टोडॉन या बँडने सुरुवात केली आणि रात्री दहाच्या आसपास संपलं, म्हणजे नऊ तास. मला वाटलेलं मध्ये मध्ये तासतासभर स्टेज लावत बसतील, पण स्टेज फिरतं होतं, एकाचं वाजवून होतंय तोवर मागे दुसऱ्याचं तयार. गिटारिस्ट टॉम मोरेलोने सगळं बसवलेलं, सिनेमातला नट जेसन मोमोआ निवेदक, आणि तो पँटेरा बँडच्या वेळी सरळ खाली उतरून गर्दीत घुसला. गोजिरा, टूल, स्लेयर, गन्स एन रोझेस, मेटालिका, सगळ्यांनी आपल्या गाण्यांबरोबर सॅबथचीही वाजवली. यंगब्लड नावाचा पोरगा, ज्याच्याबद्दल माझ्या रांगेत सगळे नाक मुरडत होते, त्याने सॅबथचं एक संथ गाणं असं गायलं की नाक मुरडणारेच उभे राहिले. मी पण.

गंमत बघा, स्लेयरवाले २०१९ ला फेअरवेल घेऊन परत आलेले, एरोस्मिथने २०२४ ला टूरिंग बंद केल्याचं जाहीर केलेलं आणि त्यांचा स्टीव्हन टायलर इथे मस्त गातोय. म्हणजे स्टेजवर रिटायर्ड लोकांचं संमेलनच.

पण ऑझी आला तेव्हा चेष्टा संपली. काळ्या सिंहासनावर बसून स्टेजच्या खालून वर आला. पार्किन्सन्स, २०१९ पासूनची दुखणी आणि ऑपरेशन्स, उभं राहता येत नव्हतं. हात हलवतोय, डोळे तेच मोठ्ठे, अंग खुर्चीतून सुटायला बघतंय पण सुटत नाहीये. सहा वर्षं अंथरुणाला खिळून होतो, तुम्हाला कल्पना नाही मला काय वाटतंय, अशा अर्थाचं बोलला आणि आभार मानले. आधी स्वतःची पाच गाणी. आवाज काही ठिकाणी फाटला, तिथे चाळीस हजार लोकांनी उचलून धरला. मग थोडा वेळ गेला आणि 'वॉर पिग्स'च्या सुरुवातीचा सायरन. चौघे. चारच गाणी, 'वॉर पिग्स'ने सुरू आणि 'पॅरानॉइड'ने शेवट. बिल वॉर्डने मध्येच शर्ट काढून टाकला, सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि उघड्या अंगाने वाजवत राहिला. ड्रम्स घट्ट नव्हते, थोडे मागेपुढे होत होते, आणि तेच सॅबथचं खरं झुलणं आहे, जे दुसऱ्या कुठल्याही ड्रमरला जमलं नाही असं माझं मत. शेवटी गीझरने ऑझीला केक दिला, आतषबाजी झाली, आणि लोक जागचे हलेनात. माझ्या बाजूचा दाढीवाला रडत होता, त्याला टिश्यू द्यायला गेलो तर कळलं की आपलीच हालत बरी नाही.

नऊ तासांच्या शोसाठी काही गोष्टी. उभं राहायचं तिकीट घेताना स्वतःचं वय खरं सांगा, पुढच्या रेलिंगपाशी जागा धरली की बाथरूमला जाणं म्हणजे जागा सोडणं. मी सीट घेतली याचा आनंद पाचव्या तासाला झाला. इअरप्लग न्या, म्हातारपण नाही ते, घरी गेल्यावर दोन दिवस कानात शिट्टी वाजत नाही एवढंच. तिकीट फोनवर असतं म्हणून पॉवर बँक पाहिजेच, आणि तिकीट आधीच वॉलेटमध्ये सेव्ह करा कारण गेटवर नेटवर्क मरतं. मोठी सॅक नेऊ नका, आत घेत नाहीत. खायला दोन बँडच्या मध्ये जाल तर रांगेतच पुढचा बँड ऐकाल, त्यापेक्षा जो बँड आवडत नाही त्याच्या मध्यावर जा (मी कोणाच्या वेळी गेलो ते सांगत नाही, मारामारी होईल). टीशर्ट घ्यायचा तर आत शिरल्या शिरल्या, संध्याकाळी फक्त डबल एक्सेल उरतात. मी डबल एक्सेल घातलाय.

स्टेडियमला जायला विटन हे सगळ्यात जवळचं स्टेशन, अ‍ॅस्टन थोडं लांब. सुटताना दोन्हीकडे रांग. मी सरळ चालत निघालो, सेंटरपर्यंत साधारण तासभर लागतो, हजारो काळे टीशर्ट एका दिशेने चाललेले, कोणीतरी मध्येच गिटारची धून (रिफ) तोंडाने म्हणायचं आणि पुढचे पन्नास जण उचलायचे. कॉव्हेंट्रीची उशिराची गाडी कशीबशी मिळाली. शोचे पैसे पार्किन्सन्सवर काम करणाऱ्या संस्थेला, बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलला आणि मुलांच्या हॉस्पिसला जाणार होते, त्यामुळे तिकिटाच्या रकमेचा सल थोडा कमी झाला. थोडाच.

घरी येऊन नीट झोप लागायला लागते न लागते तोवर २२ जुलैच्या रात्री सम्याचा फोन. ऑझी गेला. शोनंतर सतरा दिवसांनी. सम्या बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, तो सायरन कसा वाजला ते सांग. मी तोंडाने करून दाखवला, शेजारची खोली जागी झाली. ३० जुलैला ऑझीची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून गेली, ती आम्ही दोघांनी फोन चालू ठेवून आपापल्या घरी बघितली, आणि मी सँडविच खाल्लं तो बाक फुलांनी पार झाकून गेलेला.

सम्या आता पुढच्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमला जायचं म्हणतोय, शो नसला तरी. त्याला सांगितलंय ते तुम्हालाही सांगतो : ब्रिजवर सकाळी आठच्या आत पोच, नंतर फोटोला रांग लागते, आणि लॉज रोडला जाशील तेव्हा आवाज करू नकोस, लोक झोपलेले असतात.