नागभीडच्या डब्याची प्रगती: काय मशीनने कापलं, काय हाताने

रेल्वेच्या डब्याचं कागदी मॉडेल करतेय, त्याच्या दोन्ही भिंती पूर्ण झाल्या. छत नुसतं वर ठेवून पाहिलंय, चिकटवलेलं नाही, आणि बोगी, म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट, अजून स्क्रीनवरच आहे. तरी इथवरची नोंद आत्ताच लिहितेय, कारण कागदी मॉडेल करणाऱ्या मंडळींकडून हल्ली सारखा एकच प्रश्न येतो: कटिंग मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेषांप्रमाणे पात्याने कागद कापणारं यंत्र, घ्यावं का? या डब्यावर मी मशीन आणि हात दोन्ही वापरले. कुठे कोण उजवं ठरलं ते डोक्यात ताजं असतानाच सांगितलेलं बरं.

डबा आपल्या इतवारी–नागभीड लाइनचा. उमरेड, भिवापूर करत जाणारी ही नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलीमीटर. मी १:५० प्रमाण धरलंय, तेव्हा मॉडेलमध्ये ते १५.२४ मिलीमीटर येतं. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय कडबी चौकाजवळच असल्याने रिव्हेट कशी बसवत, लाकडी चौकटीचे सांधे कसे असत, हे प्रत्यक्ष जवळून पाहता येतं. नागपुरात राहून रेल्वेची मॉडेलं करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. बाकी रेखाटनं माझ्याच जुन्या फोटोंवरून केली.

सगळे भाग मीच इंकस्केप या चित्र आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आखले, म्हणजे कापायच्या रेषा आधीपासून व्हेक्टरमध्ये, मशीनला वाचता येतील अशा रेषांच्या रूपात, तयार होत्या. मशीनचा विचार करताना पहिली गोष्ट हीच तपासावी. पोलंडची किंवा जर्मनीची छापील किट आणून स्कॅन केली, तर प्रत्येक भागाभोवती मशीनसाठी नव्याने रेषा आखावी लागते. एखादंच विमान बांधायचं असेल, तर तेवढ्या वेळात हाताने निम्मं विमान कापून होतं. शिवाय किटमध्ये भागाच्या कडेला काळी रेष छापलेली असते. मशीन केसभर जरी सरकलं, तरी एका बाजूला काळी रेष राहते आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कागद डोकावतो. स्वतःच्या फाइलमध्ये मी ती रेषच छापत नाही, आणि रंग कापण्याच्या रेषेच्या बाहेर मिलीमीटरभर वाढवून ठेवते. मग थोडं इकडेतिकडे झालं तरी दिसत नाही.

माझ्याकडचं मशीन सिल्हूट कॅमिओ. कागद धरून ठेवणारी बारा इंची चिकट मॅट आणि छापील खुणा वाचणारा सेन्सर. पानाच्या एका कोपऱ्यात काळा चौकोन आणि आणखी दोन कोपऱ्यांत काटकोनी रेषा छापायच्या, त्यावरून पान कुठे आणि किती तिरकं आहे ते मशीन ओळखतं. सिल्हूटच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत एसव्हीजी प्रकारची रेखाटनाची फाइल उघडत नाही, डीएक्सएफ प्रकारची उघडते. त्यामुळे मी इंकस्केपमधून डीएक्सएफ काढते. इंकस्केपमधूनच थेट मशीन चालवणारं एक मोफत एक्स्टेन्शनही आहे, तेही चांगलं चालतं.

भिंतीपासून सुरुवात केली. भिंत साधारण दोनशे मिलीमीटर लांब, आणि तीन थरांची: बाहेरचा छापील थर १६० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाच्या कागदाचा), मधे खिडकीच्या चौकटीचा थर, आत कोरा थर. प्रत्येक थरात खिडक्यांची ओळ, आणि मधल्या थरातली भोकं बाहेरच्यापेक्षा अर्धा मिलीमीटर लहान, म्हणजे चौकटीची पायरी दिसते. तिन्ही थरांतल्या खिडक्या एकावर एक तंतोतंत बसल्या नाहीत तर ती पायरी कुठे जाड, कुठे बारीक दिसते आणि सगळी मेहनत वाया जाते. हे काम निःसंशय मशीनचं. हाताने कापलेली शेवटची खिडकी पहिलीसारखी येत नाही, कितीही सराव असो. मशीनची येते.

पण मशीनलाही मर्यादा आहेत, आणि त्या समजायला पातं कसं चालतं ते माहीत हवं. हे पातं ओढत नेलं जातं. त्याला मोटर वळवत नाही, ते आपल्या अक्षाभोवती मोकळं फिरतं. त्याचं टोक अक्षापासून अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास मागे असतं. सरळ रेषेत काही अडचण नाही. कोपरा आला की टोकाला जागच्या जागी वळावं लागतं, आणि तेवढ्यात जाड कार्डशीटचा तंतू उचलला जातो किंवा कोपरा किंचित गोल होतो. मोठ्या खिडकीत हे लक्षात येत नाही. दीड-दोन मिलीमीटरच्या भोकात मात्र चौकोनाचं बटण होऊन जातं. ओव्हरकट नावाची सेटिंग चालू केली की रेषा कोपऱ्याच्या जरा पुढे जाते आणि तुकडा सुटा निघतो. जाड कागदासाठी एकाच दमात जोर लावण्यापेक्षा कमी दाबाने दोनदा फिरवणं चांगलं. मी खिडक्या दोनदा फिरवूनच कापते.

क्रमही बघावा लागतो. आधी आतली भोकं, मग बाहेरची कड. उलट झालं तर सुटा झालेला भाग मॅटवर हलतो आणि खिडक्या तिरक्या पडतात. कापून झाल्यावर मॅटवरून कागद सोलायचा नाही, त्याने कागदाला कायमचा बाक येतो. मॅट उलटी करून टेबलावर ठेवायची आणि मॅटच वाकवत वाकवत कागदापासून सोडवायची. नवी मॅट फार चिकट असते, तिच्यावर आधी सुती फडकं थापून घ्यावं. आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या धुळीने ती मरते तेव्हा कोमट पाण्यात साबणाने धुऊन सावलीत वाळवली की बऱ्यापैकी जिवंत होते.

आता हाताकडे. भिंतीची बाहेरची कड मी मशीनला कापूच दिली नाही. मशीनवर फक्त खिडक्या कापल्या, थर एकमेकांना चिकटवले, वाळू दिले, आणि मग तिन्ही थर मिळून एकदाच स्टील पट्टी लावून कड कापली. थर वेगवेगळे कापून नंतर चिकटवले तर कड करवतीसारखी वरखाली दिसते. एकत्र कापले की ती एका फळीची वाटते. डब्याचे कोपरे त्यामुळेच जुळले. जिथे दोन भाग एकमेकांना भिडणार, तिथे मला हातच हवा, कारण हात छापील रेषेकडे बघून कापतो आणि शेजारचा भाग लावून बघत बघत अजून एक केस काढू शकतो.

पात्याबद्दल. कितीतरी महागडे क्राफ्ट नाइफ वापरून मी सर्जिकल ब्लेडवर स्थिरावलेय: ११ नंबरचं पातं, ३ नंबरची दांडी. गांजीपेठेतल्या दवा बाजाराच्या परिसरात सर्जिकलची दुकानं आहेत, तिथे पाती डब्यानेच घ्यावीत. कार्बन स्टीलचं मागावं, त्याची धार जास्त तीक्ष्ण. मात्र ते गंजतं, म्हणून पाकिटातून लागेल तेव्हाच काढावं. टोक बोथट झालंय हे डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं: नवं पातं कागदातून जाताना आवाज करत नाही, जुनं खरखरतं. खरखर आली की पातं बदलायचं. वापरलेली पाती झाकणाच्या डब्यात, कचऱ्यात सुटी नाहीत.

कापताना मनगट वळवू नका, कागद वळवा. पातं उभं धरा, कड तिरकी आली तर सांध्यात फट पडते. खिडकी हाताने कापायची वेळ आली तर चारही कोपऱ्यांपासून मधे कापत या. कोपऱ्यात पातं टेकवून सुरुवात केली की कोपरा स्वच्छ मिळतो आणि रेषा पुढे घसरत नाही.

घड्यांचं कामही हाताचंच. मशीन घडीसाठी तुटक रेषा कापतं किंवा कमी दाबाने अर्धवट कापतं. दोन्हींत छापील पृष्ठभाग फाटतो आणि घडीवर पांढरी रेघ दिसते. संपलेलं बॉलपेन आणि पट्टी घेऊन रेष दाबली तर तंतू तुटत नाहीत, नुसते दबतात, आणि रंग शाबूत राहतो. लेझर प्रिंट असेल तर टोनर, म्हणजे त्याची पावडरची शाई, तरीही तडकतो, म्हणून घडीच्या भागांसाठी मी इंकजेटवर छापून त्यावर बिनचकाकीच्या वॉर्निशचा हलका फवारा मारते.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो कूलरने. एप्रिल-मे मध्ये कूलरशिवाय नागपुरात बसणं शक्य नाही, आणि कूलरची हवा म्हणजे ओली हवा. कागदाचे तंतू ओलाव्याने लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. पानातले बहुतेक तंतू एकाच दिशेने असतात, म्हणून पान त्यांच्या आडव्या दिशेने वाढतं. दोनशे मिलीमीटरच्या भिंतीत अर्धा मिलीमीटर सहज. सकाळी कोरड्या खोलीत छापलं आणि दुपारी कूलरपुढे कापलं तर खिडक्या चौकटीतून सरकणारच. खुणांवरून मशीन पानाची जागा आणि तिरकेपणा सावरतं, पण पानाला लाट आली असेल तर त्यावर त्याच्याकडे उपाय नाही. मी आता छापलेली पानं त्याच खोलीत रात्रभर दडपणाखाली ठेवते आणि भल्या पहाटे, कूलर लावायच्या आधी, एका भिंतीचे तिन्ही थर लागोपाठ कापते. हाताने कापताना या भानगडी नाहीत, कारण रेष कागदाबरोबरच वाढलेली असते आणि पातं रेषेवरूनच जातं.

तंतूंच्या दिशेवरून छताची गोष्ट. छताला बाक आहे, तेव्हा तंतू डब्याच्या लांबीने जायला हवेत, नाहीतर वाकवताना कागद मोडतो आणि बारीक कोन दिसतात. दिशा ओळखायला पानातून एक चौकोन कापून एका बाजूने ओला करा, तो ज्या अक्षाभोवती गुंडाळला जातो ती तंतूंची दिशा. कागद वाचवण्यासाठी सॉफ्टवेअर भाग आपोआप फिरवून पानात बसवतं, आणि त्याला तंतू कळत नाहीत. छत, बॉयलर, टाकी असे वाकवायचे भाग असतील तर ही आपोआप फिरवण्याची सोय बंद करा आणि ते भाग स्वतः मांडा.

फरशी आणि आतल्या आडव्या भिंती एक मिलीमीटरच्या करड्या पुठ्ठ्याच्या. हे ना माझ्या मशीनला झेपतं, ना मनगटाला. पाट्या आणि एमडीएफची नावं कापणाऱ्या लेझरवाल्याकडे फाइल घेऊन गेले. तो म्हणाला, "ताई, एमडीएफ तं रोजच कापतो, पण पुठ्ठ्याची कड काळी येईल बरं, मंग म्हणू नका."

"येऊ द्या दादा, ते आतच जाणार आहे."

कड खरंच तपकिरी आली, पण भाग अचूक. लेझरचा किरण स्वतःच दशांश-दोन दशांश मिलीमीटर जागा खातो, म्हणून खाचा पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षा तेवढ्या अरुंद आखाव्या, तरच घट्ट बसतात. माझ्या आधीच तशा आखलेल्या होत्या, फरशी गोंदाशिवायच उभी राहिली.

खिडक्यांच्या गजांसाठी मात्र दोन्ही पर्याय सोडले. खरा गज बारा मिलीमीटरचा धरला तर १:५० ला पाव मिलीमीटरसुद्धा भरत नाही. कार्डशीटची इतकी बारीक पट्टी मशीनखाली फाटते आणि हाताखाली वळते. शिवणाचा दोरा ताणून त्यावर फेविक्विकचा पातळ थर दिला की तो तारेसारखा ताठ होतो. मधल्या थराच्या मागे खुणा करून हे दोरे बसवले. खिडकीतून बघताना हे गज गोल दिसतात, कागदाची पट्टी कधीच तशी दिसली नसती. या डब्यात मला सर्वांत आवडलेली जागा हीच.

कापलेल्या कडा पांढऱ्या असतात, मशीनच्या असोत की हाताच्या. चिकटवण्याआधी सगळ्या कडांना भिंतीच्या रंगाची जलरंग पेन्सिल ओलसर करून फिरवली. खिडक्यांच्या आतल्या कडाही सोडल्या नाहीत. रिव्हेट मागच्या बाजूने बोथट दाभणाने उठवली. मशीनने त्या जागी नुसता ठिपका पाडून घेतला होता, त्यामुळे ओळ सरळ आली.

तेव्हा मशीन घेऊ का असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: तुम्ही स्वतः आखता का, आणि तुमच्या मॉडेलमध्ये एकसारखी भोकं किंवा एकसारखे थर किती आहेत, हे आधी बघा. इमारती, डबे, जहाजांचे कठडे करत असाल तर घ्या. छापील किटमधली विमानं करत असाल, तर तेच पैसे चांगल्या कटिंग मॅटवर, स्टील पट्टीवर, प्रकाशाच्या दिव्यावर घाला. नव्याने या छंदात येणाऱ्याने निदान पहिली काही मॉडेलं हातानेच कापावीत असं मला मनापासून वाटतं. भाग कापताना तो कुठे वळणार, कुठे अडणार, कोणती कड दिसणार हे बोटांना कळतं, आणि पुढे मशीनसाठी फाइल आखताना तेच ज्ञान कामी येतं.

आता बोगीच्या बाजूच्या चौकटी. स्प्रिंगच्या पट्ट्या एकावर एक थर लावून करायच्या, म्हणजे पुन्हा एकसारखे बारीक भाग, मशीनचंच काम. फाइल तयार आहे, पण सध्या पावसाळी हवेत २०० जीएसएमची कार्डशीट लुळी पडतेय, ती बंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवलीय. लाकडी झडपांच्या तिरक्या पट्ट्या या प्रमाणात कुणी केल्या असतील तर कागदाची जाडी आणि पट्टीची रुंदी जरूर कळवा. मी ८० जीएसएमचे दोन थर चिकटवून, एक मिलीमीटरच्या पट्ट्या हाताने कापून बघणार आहे.