‘खाली’ म्हणजे काय?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी मेल्टिंगची शिफ्ट बघतो, तिथं वितळलेल्या लोखंडाची लॅडल, म्हणजे मोठी बादली, डोक्यावरच्या मोनोरेलवरून साच्यांच्या ओळीवर येते. पेंडंटवरचा, म्हणजे लोंबत्या बटणांच्या पेटीवरचा, माणूस लॅडल वर-खाली, पुढं-मागं नेतो. हँडव्हीलवरचा ती कलती करून मेटल ओततो. त्या दिवशी व्हीलवर बिहारमधल्या सिवानकडचा, कामाला लागून महिनाही न झालेला पोरगा होता. लॅडलमध्ये ३५० किलो एसजी आयर्न, म्हणजे ज्यात ग्रॅफाइटचे बारीक गोळे बनतात ते ओतीव लोखंड. मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की हे मेटल साधारण १० मिनिटांत साच्यात जायलाच लागतं. उशीर झाला तर मॅग्नेशियम उडतं, ग्रॅफाइटचे गोळे धड बनत नाहीत आणि कास्टिंग रिजेक्ट होतं. त्यामुळं सगळेच घाईत.

लॅडलची चोच साच्यापासून हातभर वर राहिली होती. एवढ्या उंचीवरून धार सोडली की मेटल उडतं आणि हवा आत ओढली जाते. मिस्त्रींनी पेंडंटवाल्याला ओरडून सांगितलं, “खाली कर, खाली!” मराठी माणसाला यात वेगळं काही ऐकू येणार नाही. हिंदीत मात्र खाली म्हणजे रिकामं. पोरानं व्हील गरागरा फिरवलं. साच्याच्या तोंडाचा कप भरून मेटल साच्याच्या पेटीवर आलं, पेटीवरून जमिनीवर. ४० किलो तरी असेल. खालची वाळू कोरडी होती म्हणून निभावलं. ओली असती तर पाण्याची वाफ होताना ते १६०० पटींहून जास्त फुगतं, आणि तिघंही भाजले असते.

मिस्त्रींच्या तोंडून आईवरची शिवी गेली. दुसऱ्या दिवशी पोरगा हिशोब मागायला आला. नुकसान पगारातून कापा म्हणाला, पण शिवी ऐकून तो राहणार नव्हता. त्याच्या गावचे आणखी तिघं त्याच्या मागं उभे होते. मिस्त्रींना हे समजेचना. आपल्याकडं दोस्तालाही अशी शिवी देऊनच हाक मारतात, त्यात राग असतोच असं नाही. त्या पोरांना मात्र आपला साधा ‘तू’सुद्धा टोचतो. दोघांचंही वागणं आपापल्या घरी बरोबरच होतं. रिपोर्टमध्ये ‘ऑपरेटरची चूक’ एवढं लिहून मला विषय संपवता आला असता, पण मग पुढची लॅडलही तशीच सांडली असती.

खोलात गेल्यावर कळलं, पोराला शंका आली होती. “बड़े आदमी से दोबारा कैसे पूछते?” कामाची माहिती देताना आम्ही “समझा क्या?” विचारत होतो आणि तो “जी” म्हणत होता. ते ‘जी’ आम्ही ‘कळलं’ असं धरत आलो. त्याच्याकडून तो फक्त मान होता. आता आम्ही “समझा क्या?” विचारतच नाही. “अब क्या करोगे, बताओ,” असं विचारतो आणि त्यानं त्याच्या शब्दांत सांगितल्याशिवाय लॅडल हलत नाही. सगळं मिळून दहा सेकंद जातात.

शब्दही तपासले. ‘खाली’ हा शब्द कामाच्या जागी बंद. लॅडल उतरवायची तर ‘नीचे’, ओतायचं तर ‘डालो’. भट्टी आणि ब्लोअरच्या आवाजात शब्द अर्धेच पोचतात, म्हणून हातही ठरवले: बोट जमिनीकडं करून गोल फिरवलं की उतरव, बोट वर करून फिरवलं की उचल. इशारा एकानंच द्यायचा. ‘थांब’ मात्र कुणीही म्हटलं तरी थांबायचं. ‘कल’ हा शब्द हीटच्या, म्हणजे भट्टीच्या एकेका वितळणीच्या, नोंदीतून काढला, कारण तो काल आणि उद्या दोन्हीला चालतो. तिथं तारीखच लिहायची. ‘चेष्टा करतोस काय?’ या प्रश्नाला एकानं “जी, कर रहे हैं” असं उत्तर दिलं आणि मारामारीची वेळ आली. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पोरगं प्रामाणिक उत्तर देत होतं.

सुट्ट्यांचंही कोष्टक बदललं. आपली माणसं गणपतीला आणि गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, जाणार, बिहारची पोरं कार्तिक शुद्ध षष्ठीच्या छठसाठी. दिवाळीनंतर त्यांना अडवलं तर न सांगता जातात. आधी तारखा घेतल्या तर परतीचं तिकीट दाखवून जातात. आपण खंडेनवमीला हत्यारं पुजतो, ती १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा करतात आणि त्या दिवशी मशीनला हात लावत नाहीत. तो दिवस आता मेंटेनन्सला धरत नाही, आदल्या दिवशी उरकतो.

मिस्त्री त्या पोरांच्या खोलीवर स्वतः गेले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पोरगा राहिला, आता तो त्यांना ‘मामा’ म्हणतो. घाईत अजूनही मिस्त्रींच्या तोंडून ‘खा…’ निघतो. मग ते तिथंच थांबतात, बोट जमिनीकडं करतात, “नीचे, नीचे.” आणि पेंडंटवरून उत्तर येतं, “नीचे, एक फुट.”