जुन्या कॉम्प्युटरवर साइटचं नाव सापडत नसेल तर

जुना विंडोज कॉम्प्युटर 'सर्व्हर सापडला नाही' म्हणू लागला की हात आधी राउटरच्या बटणाकडे जातो. थोडं थांबा. स्टार्ट, रन, सीएमडी, आणि उघडलेल्या खिडकीत पिंग ८.८.८.८ (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) द्या. उत्तर आलं तर इंटरनेट चालू आहे, अडलंय ते नावावरून पत्ता शोधणं, म्हणजे डीएनएस. नाही आलं तर त्याच खिडकीत आयपीकॉन्फिग (ipconfig) देऊन कॉम्प्युटरचा पत्ता पाहा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. मग केबल आणि कार्ड तपासा, डीएनएसच्या मागे लागू नका.

आता महत्त्वाचं. एकच नाव दोनदा विचारा, आधी पिंगने, मग एनएसलुकअप (nslookup) या आज्ञेने. पिंग विंडोजच्या नेहमीच्या वाटेने जातं, म्हणजे होस्ट्स फाइल (कॉम्प्युटरवरची नावं-पत्त्यांची यादी) आणि साठवलेली जुनी उत्तरं आधी बघतं. एनएसलुकअप ती दोन्ही सोडून थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. (पिंगला पलीकडून प्रतिसाद आला नाही तरी चालेल, पहिल्या ओळीत पत्ता दिसला की पुरे.)

एनएसलुकअपला बरोबर पत्ता मिळतो आणि पिंगला मिळत नाही किंवा भलताच मिळतो, तर दोष कॉम्प्युटरच्या आत आहे. साठवलेली उत्तरं पुसायला आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस चालवा. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा विंडोज एक्सपी काही वेळ जपून ठेवतं. मग सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेने जाऊन होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि अगदी तळापर्यंत खाली जा, कारण व्हायरसने घातलेल्या ओळी बऱ्याच रिकाम्या ओळींखाली दडलेल्या असू शकतात. फाइल स्वच्छ असेल तर नेटएसएच विनसॉक रीसेट (netsh winsock reset) ही आज्ञा देऊन मशीन पुन्हा सुरू करा. एक्सपीवर ही सोय सर्व्हिस पॅक २ पासून आहे.

दोघंही अडले तर एनएसलुकअपमध्ये नावानंतर १.१.१.१ लिहून दुसऱ्या सर्व्हरला विचारा. तिथून उत्तर आलं तर तुमचा नेहमीचा सर्व्हर बिघडलाय. टीसीपी/आयपीच्या प्रॉपर्टीजमध्ये पत्ता बदला. तिथे तुम्ही न भरलेला अनोळखी पत्ता आढळला तर नुसता पुसू नका, व्हायरस तपासणी कराच. डीएनएसचेंजर नावाचा व्हायरस हेच करायचा, आणि राउटरची सेटिंगही बदलायचा. त्याच्या बनावट सर्व्हरच्या जागी चालवलेले तात्पुरते सर्व्हर ९ जुलै २०१२ ला बंद झाले, तेव्हा साफ न केलेल्या मशीनना नावं सापडेनाशी झाली.

नाव सापडतंय, तरी सुरक्षित साइट उघडत नाही? घड्याळ बघा. तारीख वर्षानुवर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक ठिकाणी तो सीआर२०३२ असतो.