तुम्ही विचारलंत म्हणून: इव्हँगेलियनमधल्या क्रुसांविषयी

"तुम्ही ख्रिस्ती ना? मग इव्हँगेलियन बघताना राग नाही येत?" रविवारच्या धर्मशिक्षणाला येणारी मोठी मुलं हे विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात आणि मालिका नेटफ्लिक्सवर आल्यापासून ऑफिसातली माणसंही विचारू लागली आहेत. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: एवढे क्रूस, देवदूत, आदाम, भाले, त्यात खरंच काही अर्थ आहे की नुसता देखावा?

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली ही २६ भागांची जपानी ॲनिमे मालिका ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात तिथल्या टीव्हीवर आली. शिंजी इकारी हा चौदा वर्षांचा मुलगा, ज्यांनी त्याला टाकून दिलं त्या वडिलांच्या हुकमावरून, 'इव्हा' नावाच्या अवाढव्य देहात बसून एकामागून एक चालून येणाऱ्या देवदूतांशी लढतो. या देवदूतांना पांढरे झगे नाहीत. एक तर हवेत तरंगणारा निळा अष्टफलक आहे. मालिकेच्या नावाचा मूळ अर्थ मात्र शुभवर्तमान.

राग येत नाही. मालिकेचे साहाय्यक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे की जपानात रोबोंच्या मालिका ढीगभर असतात, आपली त्यांत वेगळी उठून दिसावी म्हणून ही चिन्हं घेतली. तिथे ख्रिस्ती धर्म फारसा नाही, म्हणून तो गूढ वाटतो. काम करणाऱ्यांत कुणी ख्रिस्ती नव्हतं आणि मालिकेत ख्रिस्ती अर्थही नाही. त्यांचं म्हणणं मी खरं मानते. पण चिन्ह वापरणाऱ्याच्या मनात अर्थ नव्हता, म्हणून गोष्टीत तो उतरलाच नाही, हे मला पटत नाही.

पुष्कळ गोष्टी शोभेच्या आहेत हे उघड आहे. देवदूताच्या स्फोटातून आकाशभर उभा राहणारा क्रूस, शिंजीच्या वडिलांच्या कार्यालयाच्या छतावरचा यहुदी गूढविद्येतला जीवनवृक्ष, मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन यहुदी हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांमधलं कुठलंसं गुपित. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या कोकराला सात डोळे आहेत, तर इथे जमिनीखाली क्रुसावर खिळलेल्या लिलिथ नावाच्या अवाढव्य देवदूताच्या मुखवट्यावर सात डोळे. दिसतं विलक्षण, पण ते डोळे पुसून टाकले तरी कथेचं काही अडत नाही. मी प्रत्येक चिन्हाला हीच कसोटी लावते.

आता मिसाटोच्या गळ्यातला क्रूस काढून बघा. मिसाटो कात्सुरागी ही शिंजीची वरिष्ठ आणि तो जिच्या घरी राहतो ती बाई. तिचा बाप शास्त्रज्ञ, कामात बुडालेला, घराकडे पाठ फिरवलेला. २००० साली अंटार्क्टिकावर जो महाविध्वंस होतो, त्यात हाच बाप जखमी अवस्थेत मुलीला कुपीत बंद करून वाचवतो आणि स्वतः मरतो. त्याचा क्रूस तिच्याकडे राहतो. बाराव्या भागात ती शिंजीला सांगते की आपण वडिलांचा द्वेष करत होतो की त्यांच्यावर प्रेम करत होतो, हेच आपल्याला उमजत नाही. तरी क्रूस गळ्यातच असतो. त्यापुढे ती कधी प्रार्थना करत नाही आणि कुणी त्याचा अर्थही समजावत नाही. १९९७च्या समारोपाच्या चित्रपटात गोळी लागलेली मिसाटो तो शिंजीच्या हातात देऊन त्याला पुढे पाठवते, आणि अखेरीस तोच क्रूस एका खांबाला ठोकलेला दिसतो, तिच्या कबरीची खूण म्हणून. ज्याने दुखावलं त्यानेच वाचवलं, हे ओझं ती आयुष्यभर गळ्यात वागवते. आमच्या वसईत आजीचा क्रूस नातीकडे येतो तेव्हा आजीचे रुसवेफुगवेही बरोबर येतात. म्हणून मला हा क्रूस परका वाटत नाही.

बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचंही तसंच. मेल्खियोर, बाल्थाझार, कास्पर ही नावं इथे तीन महासंगणकांची आहेत, आणि त्यांत एकाच बाईची तीन रूपं साठवली आहेत: शास्त्रज्ञ, आई आणि स्त्री. तिघांचं मत घेऊन निर्णय होतो. समारोपाच्या चित्रपटात तिची मुलगी अखेरचा उपाय म्हणून आज्ञा देते, तेव्हा कास्पर, म्हणजे आईमधली स्त्री, नकार देते. आई मुलीला सोडून प्रियकराच्या बाजूने उभी राहते. नावं बेथलेहेमच्या वाटेवरची, पण भांडण घरातलं, आणि ते जिव्हारी लागतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. क्रूस जपानला अनोळखी, असं म्हणताना नागासाकी विसरून चालणार नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या निशिझाका टेकडीवर २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकलं. त्यांतला एक गोन्सालो गार्सिया, आमच्या वसईत जन्मलेला, आई इथलीच, वडील पोर्तुगीज. १८६२ साली पोपनी त्याला संत घोषित केलं, आणि वसईतलं कॉलेज त्याच्याच नावाचं आहे. पुढे १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यानंतर नागासाकीत लोकांना येशूच्या आणि मरियामातेच्या प्रतिमांवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करावं लागे. बंदी उठली ती १८७३ मध्ये. येशूच्या कुशीत भाला खुपसणाऱ्या शिपायाला परंपरेने लाँजायनस हे नाव दिलं, आणि मालिकेतला सर्वांत भयंकर भाला त्याच्याच नावाचा आहे. नागासाकी कुणाच्या मनात होतं असं मी म्हणत नाही. पण मला लिलिथच्या छातीत रुतलेला तो भाला पाहताना निशिझाका आठवतं, आणि त्या वेळी हा देखावा आहे असं मनाला समजावता येत नाही.

श्रद्धेच्या सर्वांत जवळ ही मालिका येते ती मात्र चिन्हांशिवाय. समारोपाच्या चित्रपटात सगळी माणसं विरघळून एक होतात. माणसामाणसातल्या भिंती जातात, एकटेपणा जातो, कुणी कुणाला दुखवू शकत नाही. शिंजी ते नाकारतो. दुसरी माणसं परत हवीत, ती पुन्हा दुखावणार हे माहीत असूनही. देव प्रत्येकाला नावाने हाक मारतो, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलं आहे. सगळे एकात विरून गेले तर हाक मारायची कुणाला? वर्गात मी या मालिकेचं नाव काढते ते याच प्रसंगासाठी.

पालकांना एवढंच सांगते: तो चित्रपट रक्तपाताने भरलेला आहे आणि त्यातली काही दृश्यं लहानांनी बघण्यासारखी मुळीच नाहीत. मुलांबरोबर बसायचं असेल तर मालिकेचा पहिला भाग लावा, बाराव्यापर्यंत या, आणि मिसाटोबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारा.